शीआनची मातीची सेना पहिल्यांदा बघताय?

चीनच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेले हे भाजक्या मातीचे सैनिक बघायला मार्चमध्ये जाणं उत्तम. ऑक्टोबरचा पहिला आठवडा मात्र टाळाच, सरकारी सुट्टीमुळे पाय ठेवायला जागा नसते. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- तिकीट आधीच काढा. ते पासपोर्टच्या नावावर मिळतं, म्हणून मूळ पासपोर्ट जवळ हवाच.
- स्टेशनाबाहेर ‘चला, सैनिक दाखवतो’ म्हणणाऱ्याच्या गाडीत बसू नका. मी बसलो होतो. तासभर नकली पुतळ्यांच्या कारखान्यात फिरवलं! मेट्रोची ९ नंबरची लाइन, पुढे बस, झालं.
- आधी ३ आणि २ नंबरचे खड्डे (सैनिक जिथे खणून काढले त्या जागा), मग १. सगळ्यात मोठा आधी बघितला की बाकीचे फिके वाटतात.

नवखे लोक १ नंबरच्या कठड्यापाशी फोटो काढून परततात. तसं करू नका. २ नंबरपाशी काचेत गुडघा टेकून बसलेला धनुर्धारी आहे, त्याच्या मागे जाऊन बुटाचा तळवा बघा. शिवणीचे टिपके मोजता येतील इतके स्पष्ट, तेही २२०० वर्षांपूर्वीच्या भाजक्या मातीत!

सम्राटाची कबर मात्र अजून उघडलेली नाही. दिसते ती नुसती हिरवी टेकडी. राजवंशांचा इतिहास आत्ता घोकत बसू नका. चांगले बूट घाला.