टुटू, परकर की झगा? १८३२च्या त्या पांढऱ्या पोशाखाला काय म्हणावं

प्रश्न असा आहे: टुटू म्हणजे बॅले नर्तकीचा फुगीर घेराचा पोशाख. एका मराठी अनुवादात बॅले नर्तकी मारी टॅग्लिओनी हिच्याबद्दल ‘मारी टॅग्लिओनीने १८३२ साली पांढरा टुटू घातला’ असं वाक्य आहे. दुसऱ्या लेखात त्याच पोशाखाला ‘परकर’ म्हटलं आहे. बरोबर काय, आणि टुटू हा शब्द मुळात कुठला?

थोडक्यात उत्तर: वस्तू १८३२ची, शब्द जवळपास पन्नास वर्षांनंतरचा. त्यामुळे आजच्या लेखकाने ‘रोमँटिक टुटू’ म्हटलं तर चालेल, पण १८३२च्या माणसाच्या तोंडी तो शब्द घालू नये. परकर मात्र दोन्हीकडे चुकतो.

आधी शब्द. टुटू छापील फ्रेंचमध्ये दिसायला लागतो तो १८८०च्या सुमारास, तोही बोलीभाषेच्या कोशांत. सुरुवातीला त्याचा रोख नर्तकीच्या आतल्या तंग चड्डीकडे आहे, झग्याकडे नाही. सर्वात पटणारी व्युत्पत्ती जरा चावट आहे. कुल्ल्यांसाठी फ्रेंचमध्ये एक ठसठशीत शब्द आहे. त्याची द्विरुक्ती करून लहान मुलांशी बोलायचा शब्द झाला आणि बोबड्या उच्चारात पहिल्या व्यंजनाचा त झाला. ‘तूल’ या जाळीदार कापडाच्या नावावरून टुटू आला, ही व्युत्पत्ती सभ्य आहे खरी, पण मागाहून जुळवलेली वाटते.

आता वस्तू. १२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरात ‘ला सिल्फीद’ हा बॅले पहिल्यांदा झाला. नृत्यरचना फिलिप्पो ताल्योनी यांची, नायिका त्यांची मुलगी मारी, म्हणजे वरच्या वाक्यातली टॅग्लिओनीच. पोशाखाचं श्रेय परंपरेने चित्रकार यूजेन लामी यांना दिलं जातं. खांदे उघडे टाकणारी घट्ट चोळी, कमरेपासून घंटेसारखा फुगत पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा पांढरा घेर, पाठीवर इवलेसे पंख, डोक्यावर फुलांचं कडं. तेव्हाच्या पॅरिसमधल्या बायकांच्या झग्याची ढब साधारण अशीच होती. रंगभूमीवर तो आखूड आणि विरविरीत झाला, इतकंच. त्या काळी लोक त्याला ‘झ्यूप’ म्हणत, म्हणजे साधा घेर, किंवा कापडाच्या नावाने ओळखत.

कापडाच्या नावांतच अनुवादकांचे पाय जास्त घसरतात. ‘गॉझ’ शब्द जसाच्या तसा ठेवला, तर मराठी वाचकाला दवाखान्यातली जखमेवरची पट्टी आठवते. तिथे ‘विरविरीत कापड’ म्हणावं. ‘म्युसलिन’ला मलमल हा नेमका शब्द आहे. ‘टार्लटन’ म्हणजे खळ देऊन ताठ केलेली, विरळ विणीची सुती मलमल. हे एकदा कंसाशिवाय वाक्यातच सांगून टाकावं आणि मग टार्लटन म्हणावं. ‘तूल’ला आपले शिंपी सरळ ‘नेट’ म्हणतात, तेच ठेवावं.

टार्लटनचा ताठपणा सगळा खळीचा. घामाने, दमट हवेने खळ सैल पडते आणि घेर लोंबतो. शिवाय हे कापड भुरकन पेटतं, कारण विण विरळ आणि दोन थरांमध्ये हवा. ऑपेरात १८२२पासून गॅसचे दिवे होते. त्यांच्या उजेडात पांढरा घेर धुक्यासारखा दिसे, पण त्याच ज्योती घेराच्या हाताभर अंतरावर असत. लंडनच्या ड्रुरी लेन रंगमंचावर डिसेंबर १८४४मध्ये नर्तकी क्लारा वेबस्टर अशीच भाजून गेली. पॅरिसमध्ये नोव्हेंबर १८५९मध्ये सरकारी हुकूम निघाला की रंगमंचावरचं कापड आगरोधक करून घ्यावं. त्यासाठी कार्तेरों यांची कापड क्षारांच्या द्रावणात बुडवण्याची पद्धत होती. पण तसं कापड कडक आणि मळकट होई, म्हणून नर्तकी एमा लिव्री हिने ते घालायला नकार दिला. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीच्या वेळी तिच्या घेराने गॅसच्या दिव्यावर पेट घेतला. पुढच्या जुलैत ती वारली, तेव्हा ती जेमतेम विशीची होती. त्या पोशाखाचे जळके तुकडे आजही पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात आहेत. तेव्हा कापडाचं नाव गाळून नुसतं ‘पांढरा पोशाख’ असं भाषांतर केलं, की पुढे आग का लागली तेच कळत नाही.

मग परकर का नको? परकर नाडीने बांधतात, त्यावर पोलकं वेगळं असतं, आणि साडीखालचा परकर तर दिसायचाच नसतो. इथे चोळी आणि घेर मिळून एक पोशाख होतो आणि घेर हाच दाखवायचा भाग. घागरा म्हटलं की रंग, काठ आणि जड कापड डोळ्यांपुढे येतं. ‘झगा’ सगळ्यात जवळचा, कारण तो खांद्यापासून खाली एकसंध असतो. म्हणून ‘विरविरीत पांढरा झगा’ असं लिहावं आणि फक्त खालच्या भागाबद्दल बोलायचं असेल तर ‘घेर’. हल्ली टुटू म्हणजे कधी अख्खा पोशाख, कधी नुसता घेर. मूळ वाक्यात कोणता अर्थ आहे ते पाहूनच शब्द निवडावा.

टुटूचे प्रकारही नीट वेगळे ठेवावेत. पोटरीपर्यंतचा, मऊ, घंटेसारखा तो रोमँटिक. फ्रेंच चित्रकार देगाच्या १८७०च्या दशकातल्या चित्रांत गुडघ्याशी येणारा, अजून खाली झुकलेला घेर दिसतो. कमरेतून आडवा ताठ उभा राहतो तो क्लासिकल, दहाच्या वर थरांचा आणि कधी आत तारेचं कडं घातलेला. ‘झिझेल’चा (१८४१) दुसरा अंक आणि ‘स्वान लेक’ या बॅलेंचे फोटो शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. वर्तमानपत्रांत ‘टुटू’ म्हणून छापतात तो बहुतेक वेळा क्लासिकल.

स्नेहसंमेलनासाठी रोमँटिक टुटू शिवून घेणार असाल तर शिंप्याला ‘कॅनकॅन लावा’ एवढंच सांगू नका. लेहेंग्याखालच्या ताठ जाळीला आपल्याकडे हे नाव पडलंय (तेही पॅरिसच्याच एका नाचाचं, १८३०च्या दशकातलं!), पण सगळे थर तसे ताठ घेतले की झगा उभाच राहतो. रोमँटिक घेराची खरी गंमत अशी की नर्तकी उडी मारून खाली येते आणि घेर तिच्यामागून क्षणभराने उतरतो. त्यासाठी मऊ नेटचे चार ते सहा थर पुरतात; फार तर सगळ्यात आतला एक थर जरा ताठ घ्यावा. कंबर ६५ सेंमी आणि एका थराचं नेट ४ मीटर धरलं तर चुण्या सहापट होतात. हे सगळं थेट कमरेच्या टिपेत कोंबलं तर तिथे गाठोडं दिसतं. म्हणून कमरेखाली नितंबांवर बसणारी एक घट्ट पट्टी आधी शिवतात आणि थर तिच्यावर खालीवर जोडतात. आतले थर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर आखूड कापावेत, नाहीतर ते खालून डोकावतात. नेटची कापलेली कड उसवत नाही, त्यामुळे तुरपाई नको. तुरपाईने कड जड होते आणि घेर पडतो.

आनुषंगिक दोन गोष्टी. ‘टॅग्लिओनी’तला ग इटालियन उच्चारात नाही, ‘ताल्योनी’ लिहावं. आणि ताल्योनी ‘चवड्यांवर नाचली’ हे अपुरं आहे. चवड्यांवर आधीच्याही नर्तकी नाचत. ती नाचली पायाच्या बोटांच्या टोकांवर, तेही आजच्यासारखा कडक पुढचा भाग नसलेल्या, कडेने टाके घालून दाट केलेल्या सॅटिनच्या सपातांत. ‘रोमँटिक’ इथे प्रेमकथेचा नाही, वाङ्मयाच्या अभ्यासात ज्याला स्वच्छंदतावाद म्हणतात त्याचा.

याच काळातला ‘बायादेर’ हा शब्द मात्र आपल्या फार जवळचा. ताल्योनीने १८३० साली ‘ल द्यू ए ला बायादेर’मध्ये भारतीय नर्तकी रंगवली होती. तो फ्रेंच शब्द पोर्तुगीज ‘बायलादेइरा’वरून आला, आणि गोव्याच्या पोर्तुगीज अमलात देवळातल्या कलावंतिणींना हेच नाव होतं. त्या पोर्तुगीज शब्दाचं आणि ‘बॅले’चं मूळ एकच, नाचणे या अर्थाचं उत्तरकालीन लॅटिन क्रियापद.

लेखन ‘टूटू’ नव्हे, ‘टुटू’: मराठीत अंत्य उकार दीर्घ, उपांत्य ऱ्हस्व. लिंग झग्याप्रमाणे पुल्लिंगी, म्हणजे तो टुटू, अनेकवचन ते टुटू, आणि विभक्तीत टुटूला, टुटूचा.