व्हिक्टोरिया विवरातली निळी वाळू, काठावरच्या रंगीत रेघा आणि उलटी खोली

आपण मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरील हायराइज कॅमेऱ्याने टिपलेल्या तेथील व्हिक्टोरिया विवराच्या प्रतिमांबद्दल तीन गोष्टी विचारल्या आहेत: तळाची वाळू खरोखरच निळी आहे का, काठावर रंगीत रेघा का उमटतात, आणि दोन प्रतिमांपासून केलेले त्रिमित चित्र लाल-निळसर काचांच्या चष्म्यातून पाहताना खड्ड्याच्या जागी टेकडी का दिसते. तिन्हींची उत्तरे हा कॅमेरा जमीन कशी टिपतो यात सापडतात.

हायराइज एका क्षणात पूर्ण चौकट टिपत नाही. तो ज्यावर आहे ते मार्स रिकनिसन्स ऑर्बिटर हे यान सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरून पुढे सरकत असताना तो जमीन ओळीओळीने वाचत जातो. त्यात १४ संवेदक आहेत. दहा प्रकाशाच्या लाल पट्ट्यासाठी, दोन निळ्या-हिरव्यासाठी आणि दोन अवरक्तासाठी, म्हणजे तांबड्यापलीकडच्या अदृश्य प्रकाशासाठी. सगळे संवेदक चालू असताना दहा लाल संवेदक मिळून सुमारे ६ किलोमीटर रुंदीची जमीन व्यापत, मात्र रंगासाठी लागणारे तिन्ही पट्टे फक्त मधल्या सव्वा किलोमीटरभर भागातच एकत्र मिळत.

रेघांचे कारण असे की हे संवेदक एकामागे एक बसवलेले असल्यामुळे तोच दगड प्रत्येकाला किंचित वेगळ्या क्षणी दिसतो, आणि तेवढ्या अवधीत यानाला बारीक कंप सुटलेला असतो. एक पिक्सेल जमिनीवरच्या २५ ते ३० सेंटीमीटरांइतका असल्याने हा कंप प्रतिमेत लगेच उमटतो, आणि रंगांचे थर एकमेकांवर नीट न बसल्याने काठावर रेघा दिसतात. आपण अवरक्त प्रतिमा सबंध उचलून चार पिक्सेल सरकवल्याचे लिहिले आहे. त्याने वरचा काठ जुळतो आणि खालचा बिघडतो, कारण सरकण्याचे माप ओळीगणिक बदलत असते. लहान लहान तुकडे लाल प्रतिमेशी ताडून प्रत्येक भागाचे सरकणे वेगळे काढावे लागते, आणि हे काम संवेदकांची प्रकाशमापन-दुरुस्ती (त्यांच्या उजेड मोजण्यातले फरक काढणे) झाल्यावर, पण उजळपणा ताणण्यापूर्वी, म्हणजे फिकट-गडद फरक वाढवण्यापूर्वी करावे. ग्रहांच्या प्रतिमांवर काम करणाऱ्या आयसिस या संगणकप्रणालीत त्यासाठीची साधने तयार आहेत. मी स्वतः सुरुवातीला आधी रंग ताणत असे आणि मग जुळणी करू पाहत असे. त्यात दोन पट्ट्यांमधले साम्यच पुसट होते आणि जुळणी भरकटते.

आता वाळूचा रंग. तरंगलांबीत सांगायचे तर या कॅमेऱ्याचा लाल पट्टा सुमारे ५५० ते ८५० नॅनोमीटर, निळा-हिरवा ४०० ते ६०० आणि अवरक्त ८०० ते १००० नॅनोमीटरचा आहे. निव्वळ निळा असा पट्टाच नाही. आपण वापरलेल्या नेहमीच्या रंगीत प्रतिमेत निळा रंग कृत्रिम असतो: निळ्या-हिरव्या मूल्याच्या दुपटीतून लाल मूल्याचे ३० टक्के वजा करून तो काढतात. त्यानंतर प्रत्येक रंग त्या प्रतिमेपुरता ताणला जातो. धुळीची जमीन तांबूस असल्यामुळे तिच्या शेजारी बेसाल्टची काळसर वाळू निळी ठरते. ऑपॉर्च्युनिटी ही नासाची मंगळावर फिरणारी गाडी सप्टेंबर २००७ ते ऑगस्ट २००८ या काळात याच विवरात उतरलेली होती, आणि वाळू करड्या-काळ्या रंगाचीच आहे. म्हणून या निळ्याचा अर्थ ‘भोवतालपेक्षा कमी तांबूस’ एवढाच घ्यावा. तेवढा अर्थही मोलाचा आहे, कारण कुठे धूळ साचली आहे आणि कुठे वारा वाळू हलती ठेवतो हे त्यातून कळते. मात्र दोन वेगवेगळ्या प्रतिमांतील निळ्यांची तुलना डोळ्यांनी कधीही करू नये. त्यासाठी न ताणलेल्या मूल्यांची गुणोत्तरे घ्यावीत.

खड्डा उलटा दिसण्याचे कारण बहुधा साधे आहे. त्रिमितीसाठीच्या दोन प्रतिमा वेगवेगळ्या फेऱ्यांत, यान बाजूला कलवून घेतलेल्या असतात. उत्तर वर ठेवल्यावर पश्चिमेकडून घेतलेली प्रतिमा डाव्या डोळ्याला, म्हणजे लाल रंगात, जायला हवी. अदलाबदल झाली की खोली उलटते. कोणती कुठून घेतली हे प्रतिमेसोबतच्या माहितीत यानाखालच्या बिंदूच्या (यान ज्या जागेच्या बरोबर वर होते तिच्या) रेखांशावरून कळते. शिवाय हे यान तेथील दुपारी तीनच्या सुमारास जात असल्याने ऊन पश्चिमेकडून, म्हणजे चित्रात डावीकडून येते. आपल्या डोळ्यांना वरून येणाऱ्या उजेडाची सवय असते, त्यामुळे एकटी प्रतिमासुद्धा कधी कधी उलटी भासते. त्रिमित चित्रासाठी रंगीत नव्हे, लाल पट्ट्याची करडी प्रतिमाच घ्यावी. नाहीतर दोन डोळ्यांना वेगळा उजेड मिळून डोके दुखू लागते.

उंची मोजायची असेल तर एक उदाहरण पाहा. एक प्रतिमा थेट वरून आणि दुसरी २० अंश कलून घेतली असेल, तर दोन प्रतिमांमधले २५ सेंटीमीटरच्या एका पिक्सेलचे सरकणे म्हणजे सुमारे ६९ सेंटीमीटर उंची. जुळणी पिक्सेलच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत साधली तर हाच आकडा १४ सेंटीमीटरवर येतो. अडचण असते ती गुळगुळीत वाळूवर, जिथे ताडून पाहायला खूणच सापडत नाही, आणि दोन फेऱ्यांमध्ये महिने गेले असतील तर सावल्यांच्या कडांवर. अशा जागी उंचीच्या नकाशात खोट्या गाठी उठतात. त्या गुळगुळीत करून लपवू नयेत, तो भाग रिकामा ठेवावा.

आपल्या प्रतिमांच्या जोडीची तपासणी या विवरावर सहज होते: काठापासून तळापर्यंत सुमारे ७० ते ७५ मीटर खोली निघायला हवी, आणि तेवढाच आकडा उंचवटा म्हणून आला तर प्रतिमांची फक्त अदलाबदल करून पुन्हा पाहावे.