संमतीशिवाय मांडणी नको

प्रश्न: न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने २०२४मध्ये अमेरिकेतल्या मूळनिवासींच्या वस्तूंची दोन मोठी दालनं बंद केली. वस्तू नीट जपल्या जात असताना हरकत कशाला?

उत्तर: मूळनिवासींच्या वस्तू त्यांना परत देण्याबाबतच्या १९९०च्या अमेरिकी कायद्याच्या नव्या नियमांनुसार पवित्र आणि दफनातल्या वस्तू मांडण्याआधी जमातीची संमती लागते. आणि ‘नीट जपणं’ म्हणजे काय? मी संग्रहालयातल्या वस्तूंच्या संवर्धनाचं काम करते. कीड लागू नये म्हणून पूर्वी पिसांवर, कातड्यावर आर्सेनिक हे विष मारत. होपी या मूळनिवासी जमातीला परत मिळालेल्या काही विधीच्या वस्तूंत ते सापडलं. ज्या अंगावर चढवायच्या, त्याच विषारी! झुनी या दुसऱ्या जमातीच्या लाकडी युद्धदेवता तर त्यांच्या श्रद्धेनुसार उघड्यावर, ऊनपावसात झिजायलाच हव्यात. त्यांना काचेत ‘वाचवणं’ मला अन्यायच वाटतो. परत द्यायच्या वस्तूंत विष आहे का, या तपासणीचा खर्च संग्रहालयानेच उचलावा आणि जुन्या फवारणीच्या नोंदी न मागता जमातीला द्याव्यात.