डीओ होऊन आयसीयूचा डॉक्टर होता येतं का?

ताई, नमस्कार.

न्यू जर्सीहून आलेलं तुमचं पत्र मिळालं. लेकीला ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजात, म्हणजे डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) ही पदवी देणाऱ्या कॉलेजात, प्रवेश मिळालाय, तिला आयसीयूतच काम करायचंय, आणि पुण्याच्या काकांनी "डीओ म्हणजे हाडवैद्य ना?" असं विचारल्यापासून तुमच्या डोक्याला घोर लागलाय. काकांचा गैरसमज साहजिक आहे. आपल्याकडे डीओ हा डोळ्यांचा डिप्लोमा, आणि इंग्लंडमधला ऑस्टिओपॅथ हाडा-स्नायूंपुरता. अमेरिकेतला डीओ मात्र एमडीइतकाच पूर्ण परवान्याचा डॉक्टर. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत शॉन कॉन्ली आणि नंतर बायडेन यांचे केव्हिन ओकॉनर, हे व्हाइट हाउसचे दोन्ही डॉक्टर डीओच होते.

तेव्हा लेकीचा रस्ता मोकळा आहे. कॉलेजची ४ वर्षं, मग इंटर्नल मेडिसिनची (मोठ्या माणसांचे आजार) ३ वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घेतलेलं प्रशिक्षण, त्यावर क्रिटिकल केअरची, म्हणजे आयसीयूतल्या उपचारांची, २ वर्षं फेलोशिप, म्हणजे पुढचं खास प्रशिक्षण. फुप्फुसविकार जोडीला घेतले तर ३. ॲनेस्थेशियातून गेली तर रेसिडेन्सी ४ वर्षं आणि फेलोशिप एकच वर्ष. पूर्वी डीओंच्या रेसिडेन्सीची वेगळी चूल होती. २०२० पासून एमडी आणि डीओ एकाच व्यवस्थेत आले.

डीओच्या अभ्यासात हातांनी तपासायलाही शिकवतात. ती लॅबमध्ये बरगड्यांवर हात ठेवून श्वास कसा चाललाय हे बोटांनी ओळखायला शिकेल. ते वाया जाणार नाही. श्वासनलिकेत नळी घातल्यावर छाती दोन्ही बाजूंनी सारखी उचलली जातेय का, हे आयसीयूत आजही आधी डोळ्यांनी आणि हातानेच पाहतात.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बऱ्याच डीओ कॉलेजांचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुलांना लांबलांबच्या छोट्या हॉस्पिटलांत पाठवतात, आणि काही ठिकाणी धड आयसीयूची पाळीही मिळत नाही. मग रेसिडेन्सीसाठी शिफारसपत्र देणार कोण? पदवीच्या अक्षरांपेक्षा मुलं इथे जास्त अडतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं, परीक्षा. डीओंना कॉमलेक्स ही त्यांची परवाना परीक्षा द्यावीच लागते, एमडींची यूएसएमएलई ऐच्छिक. पण काही मोठी रेसिडेन्सी केंद्रं यूएसएमएलईचे गुण मागतात. दोन्हींची पहिली पायरी २०२२ पासून फक्त पास-नापास झालीय, त्यामुळे वजन दुसऱ्या पायरीच्या गुणांना. खर्च आणि ताण दुप्पट होतो हे खरं, तरी तिने यूएसएमएलईही द्यावी असं मी सांगेन. पुढे रेसिडेन्सी निवडताना त्याच हॉस्पिटलात क्रिटिकल केअरची फेलोशिप असेल ते आधी पाहा.

आता फी भरण्याआधी एक करा. कॉलेजला ईमेल लिहून विचारा: तिसऱ्या वर्षी कुठली हॉस्पिटलं, आयसीयूत किती आठवडे, आणि मागच्या तीन वर्षांत इंटर्नल मेडिसिनला मुलं कुठे लागली? ईमेल लेकीलाच लिहू द्या. उत्तर आलं की मला कळवा, आपण तिघं मिळून फोनवर बोलू.