साठ अध्यायांची थकबाकी

"वाचून मिटलं की काय वाचलं ते आठवत नाही. नाही वाचलं तर दिवसभर चुकल्यासारखं होतं. हॉस्पिटलात एक ड्यूटी, घरी ही दुसरी."

हे बोलणं एका परिचारिकेचं. (उदाहरण एकीचं वाटलं तरी ते अनेकींच्या सांगण्यातून जुळवलेलं आहे.) वर्षअखेरच्या उपासनेत चर्चच्या मंडळीने वर्षभरात बायबल पूर्ण करण्याचा तक्ता वाटला होता. रोज वाचायचं आणि चौकटीत खूण करायची. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात या ताई ही अडचण घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा त्या जवळपास साठ अध्याय मागे होत्या. घरात रोज "वचन वाचलंस का?" हा प्रश्न, आणि त्यांच्या मनात एकच शंका: माझा विश्वासच थंड पडलाय का?

तो तक्ता आधी नीट बघायला हवा. बायबलचे ११८९ अध्याय ३६५ दिवसांत बसवले की रोजचे सव्वातीन होतात. पहिल्या दोन पुस्तकांचे, म्हणजे उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय जानेवारीच्या अखेरीपर्यंत संपतात आणि समोर लेवीय हे नियमांचं तिसरं पुस्तक येतं: होमार्पणं, चरबी, शुद्ध-अशुद्ध, त्वचेवरचे चट्टे. पुष्कळांची गाडी इथेच अडते. ताईंची तेराव्या अध्यायात अडली. त्यात नाइट ड्यूटी लागली. अठरा दिवस चुकले की सुमारे ५९ अध्याय साठतात, म्हणजे तीन-चार तासांचं सलग वाचन. मग माणूस भरपाईसाठी भराभर पानं उलटतो, डोक्यात काही राहत नाही, आणि आठवत नाही म्हणून अपराधी वाटत राहतं. हा दोष गणिताचा आहे. तो विश्वासाच्या खात्यावर मांडू नये.

म्हणून पहिल्याच भेटीत थकबाकी माफ केली. तक्ता कपाटात गेला. ज्यांना असा तक्ता मानवतो त्यांनी तो खुशाल चालवावा, पण मागे पडलेलं सोडून आजच्या तारखेपासून.

त्याऐवजी बायबलमधलं एकच पुस्तक घेतलं, येशूची कथा सांगणारं मार्ककृत शुभवर्तमान. एका बैठकीला दहाएक वचनं, आठवड्यातून चार दिवस, वीस मिनिटं. या वेगाने मार्कला चार महिने लागतात, आणि ते लागू द्यावेत. मजकूर अध्यायाच्या आकड्यावर न तोडता प्रसंग संपेल तिथे थांबायचं. अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले, वचनांचे आकडे सोळाव्यात. लिहिणाऱ्यांनी ते घातलेले नाहीत. वेळही घड्याळाला न बांधता कामाला बांधली: सकाळची पाळी असेल तर परतल्यावर चहा झाला की. नाइटच्या आठवड्यात मार्क बंद. त्या दिवसांत फक्त बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं १३४वं स्तोत्र. तीनच वचनं आहेत, आणि ती रात्री परमेश्वराच्या मंदिरात सेवेला उभ्या असणाऱ्यांना उद्देशून आहेत. ताईंनी ते लॉकरच्या दाराला आतून चिकटवलं.

बैठकीत उतारा दोनदा वाचायचा, त्यातला एकदा मोठ्याने. संडे स्कूलपासून ऐकलेल्या गोष्टी डोळे वाचतच नाहीत, शेवट आधीच ठाऊक असतो. तोंडाने वाचताना शब्द गाळता येत नाहीत. मोबाइलऐवजी छापील पुस्तक घ्यायचं. मग वहीत तीन ओळी: काय घडलं ते स्वतःच्या घरच्या बोलीत, एक अडलेला प्रश्न, आणि एका वाक्याची प्रार्थना. जुन्या भाषांतराची भाषा जड जात असेल तर सोप्या मराठीतलं शेजारी ठेवावं, त्यात कमीपणा नाही. खुद्द पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळावं म्हणून मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं दिली.

दुसऱ्या आठवड्यात गडबड झाली. वहीत पाच दिवस तेच वाक्य: "मी जास्त विश्वास ठेवला पाहिजे." प्रसंग कुठलाही असो, बोध एकच. मागच्या दाराने ड्यूटी परत आली होती. मग पंधरा दिवस "पाहिजे" हा शब्दच वहीतून बंद केला. फक्त दिसेल ते लिहायचं: कोण आलं, कोणाला हात लावला, कोण गप्प राहिलं. आपल्या आयुष्याला लावण्याची घाई केली की उतारा आरसा होतो आणि त्यात रोज आपलंच तोंड दिसतं.

पाचव्या अध्यायाला आल्या तेव्हा एप्रिल उजाडला होता. याइर नावाच्या माणसाची मरणाच्या दारातली मुलगी, आणि तिच्याकडे निघालेल्या येशूच्या वस्त्राला गर्दीत मागून येऊन शिवणारी रक्तस्रावाची स्त्री: वचनं २१ ते ४३, तीन बैठकींत विभागून. ताईंनी आपणहून टिपलं: मुलगी बारा वर्षांची, बाईचं दुखणंही बारा वर्षांचं. वैद्यांवर सगळा पैसा गेलेला. आणि मुलगी उठल्यावर येशू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. "हे मी लहानपणापासून ऐकतेय," ताई म्हणाल्या, "पण हे जेवणाचं वाक्य आज पहिल्यांदा वाचलं."

प्रश्नाच्या ओळीत होतं: ही बाई मागून का आली? समोरून का नाही? उत्तर दिलं नाही, फक्त लेवीय १५, वचनं २५ ते २७ काढायला सांगितलं. रक्तस्राव चालू असेतोवर ती अशुद्ध, तिचं अंथरूण अशुद्ध, त्याला शिवेल तो संध्याकाळपर्यंत अशुद्ध. बारा वर्षं तिने गर्दीत कसं वावरायचं?

एक गोष्ट मात्र तपासावी लागते. दोन आठवडे झोप, भूक आणि कशातच मन नसेल, तर हा आत्मिक कोरडेपणा समजून वाचनाची पद्धत बदलत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. "नीट वाचलं गेलं नाही" या भीतीने तेच वचन दहा-दहा वेळा वाचावं लागत असेल तरीही. ताईंचं तसं नव्हतं.

जूनमध्ये, कोणी न सांगता, त्यांनी लेवीयचा तेरावा अध्याय उघडला. याजक, म्हणजे पुरोहित, चट्टा बघतो, माणसाला सात दिवस वेगळं ठेवतो, पुन्हा तपासतो. वॉर्डात आयसोलेशन बघितलेल्या बाईला यात काही परकं नव्हतं. प्रश्नाच्या ओळीत त्यांनी लिहिलं: "सात दिवस त्याला जेवण कोण नेऊन देत असेल?"