भांगेचं झाड, गांजाचं नव्हे

ब्रॅम्प्टनहून एका वाचकाचा प्रश्न आलाय. कॅनडात रुग्णाला स्वतःच्या औषधापुरतं कॅनाबिस घरी लावता येतं. त्यांच्या सासूबाईंना सांधेदुखीसाठी तसा अर्ज करायचाय आणि सगळा कागद त्यांना मराठीत समजावून सांगायचाय. तर 'मेडिकल गांजा' म्हणावं, 'वैद्यकीय भांग' की 'औषधी गांजा'? शिवाय 'अफोर्डेबल'ला 'परवडणारा' चालेल का?

'मेडिकल' आधी काढून टाका. मराठीत मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान. 'मेडिकल गांजा' ऐकून सासूबाई कोपऱ्यावरच्या दुकानात पिशवी घेऊन जातील, आणि तिथे तो मिळत नाही. रुग्णांचा माल परवानाधारक विक्रेत्याकडून टपालाने घरी येतो. 'वैद्यकीय' हे रजेला आणि महाविद्यालयाला शोभतं. 'वैद्यकीय भांग' म्हटलं की मला होळीच्या दिवशीचं डॉक्टरांचं वसतिगृह दिसतं. 'औषधी गांजा' बरोबर आहे, पण फक्त मालासाठी. झाडासाठी नाही!

आणि इथेच माझं डोकं फिरतं. 'गांजाची झाडं जप्त', 'गांजाची शेती उद्ध्वस्त' हे मी रोज वाचतो. गुळाचं शेत असतं का? शेत उसाचं, गूळ त्यातून निघतो. तसं झाड भांगेचं. त्याचा फुलोरा तो गांजा, राळ ती चरस, आणि पानं वाटून प्यायली की पुन्हा भांग. आपला 1985चा अमली पदार्थ कायदासुद्धा हा भेद पाळतो. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळांवर आलेले शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत बसत नाहीत. 'चहाचं झाड म्हणतो की' असा युक्तिवाद एका सेवानिवृत्त प्राध्यापकांनी मला ऐकवला होता. म्हणतो, कारण चहाला दुसरं नाव नाही. या झाडाला आहे, आणि पुरावा म्हणीतच आहे: तुळशीत भांग. 'तुळशीत गांजा' कुणी म्हटलेलं ऐकलंय?

याच प्राध्यापकांची व्युत्पत्ती आणखी भारी. भांग मनाचा भंग करते म्हणून भांग, आणि गांजलेल्यांना आराम देतो म्हणून गांजा! दुसरीला उत्तर देण्यात अर्थ नाही. पहिलीत भञ्ज्, म्हणजे मोडणे, हा धातू मलाही मान्य आहे. पण मोडतं काय, ते प्राध्यापकांना कळलेलं नाही.

पाणिनी उघडा. पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात तो कोणत्या धान्याच्या शेताला काय म्हणायचं ते सांगतो, आणि चौथ्या सूत्रात तीळ, उडीद, उमा म्हणजे जवस, भंगा आणि अणू हे बारीक धान्य एका ओळीत बसवतो. भंगेच्या शेताला दोन शब्द: भङ्ग्य आणि भाङ्गीन. टीकाकारांना तर खुलासा करावा लागला की जवस आणि भांग यांनाही इथे धान्यच समजायचं. जवसाचा शेजार बघा. दोन्हींचं बी खातात, दोन्हींचा वाख, म्हणजे सालीचा धागा, निघतो. नशेचा विषयच नाही! माझ्या आजोळी ताग डबक्यात कुजत घालत. आठवड्या-दोन आठवड्यांनी ओला सोट बाहेर काढून गुडघ्यावर मोडायचा. आतली काडी कट्कन तुटते आणि साल तशीच लोंबत राहते. ती ओढली की हातभर वाख. भांगेचा सोटही असाच मोडतात. मोडून सोलायची ती भंगा. मनाचा भंग फार नंतरचा, आणि तो पिणाऱ्यांनी लावलेला. हे कुठल्या कोशात छापलेलं नाही, माझं मत आहे; पण वाख काढलेल्या कुणालाही विचारा.

जाता जाता: केसांत पाडतो तो भांग पुल्लिंगी, पितो ती स्त्रीलिंगी. एक भङ्ग, दुसरी भङ्गा. संस्कृतातलं लिंग मराठीने इतकं जपलंय आणि आपण 'भांग पिला' लिहितो.

हां, अर्ज. 'प्रिस्क्रिप्शन' म्हणू नका. डॉक्टर देतो तो वैद्यकीय दाखला, आणि हेल्थ कॅनडाकडे, म्हणजे तिथल्या केंद्रीय आरोग्य खात्याकडे, होते ती नोंदणी. 'सवलत' तर मुळीच म्हणू नका, हा हक्क कोर्टात भांडून मिळालाय. 2000 साली ओंटारियोच्या अपील न्यायालयाने टेरन्स पार्कर या अपस्माराच्या रुग्णाच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी रुग्णांसाठी नियम आले. नंतर सरकारने घरची लागवड बंद करून 'कंपनीकडूनच विकत घ्या' असं फर्मावलं, तेव्हा अलार्ड आणि इतर रुग्ण पुन्हा कोर्टात गेले. 2016च्या फेब्रुवारीत ते नियम घटनाबाह्य ठरले, ऑगस्टमध्ये घरची लागवड परत आली. 2018पासून एका घरात चार झाडं सर्वसाधारण प्रौढांनाही लावता येतात (प्रांताचे नियम वेगळे असू शकतात). नोंदणीकृत रुग्णाची झाडं दाखल्यातल्या रोजच्या ग्रॅमवरून ठरतात आणि चारापेक्षा जास्त असू शकतात. स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्याला नेमता येतं. सासूबाईंसाठी जावईही चालेल.

'परवडणारा' चालेल. विकत घेतलेल्या औषधी गांजावरही कर लागतो, त्यामुळे तो शब्द त्या घरात बराच वापरला जाईल.

अर्जात लागवडीची जागा विचारतात, घरात की बाहेर. तिथे 'भाङ्गीन' लिहू नका, कागद परत येईल. घरात बोलताना मात्र जरूर म्हणा. तळघरातल्या चार कुंड्यांना अडीच हजार वर्षांचा शब्द फुकट मिळतोय.