मुलीसाठी ट्रेकचे बूट घेताय?

मुलगी सात-आठ वर्षांची होऊन गोव्यातल्या नेत्रावळी, तांबडी सुर्ल्याच्या वाटा तुडवू लागली की आईबाबांचा हात आधी महागड्या बुटांकडे जातो. हौस जरूर करा, पण ‘दोन वर्षं चालतील’ म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका. पाय आत सरकतो, टाचेला फोड येतात, उतारावर नखं काळी पडतात.

माप संध्याकाळी, ट्रेकचेच मोजे घालून घ्या. बुटातलं इनसोल (आतली सुटी गादी) काढून त्यावर तिला उभी करा. टाच मागे टेकली की सर्वांत लांब बोटापुढे 10-12 मिलिमीटर जागा हवी. दोन्ही पाय बघा, एक थोडा मोठा असतोच. दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. जागा 5 मिलिमीटरवर आली की बूट बदला.

सेलमध्ये पुढच्या मापाचा जोड घेऊन कपाटात ठेवायचा मोह तर गोव्यात अंगाशी येऊ शकतो. बुटाच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा (फोमसारख्या प्लॅस्टिकचा) मधला थर असेल तर तो दमट हवेत न वापरताही हळूहळू विरतो आणि भर वाटेत तळवा सुटून लोंबायला लागतो.

पावसाळ्यात वॉटरप्रूफ बुटांपेक्षा खोल खाचांचे, जाळीचे हलके बूट बरे. ओढ्यात पाणी वरून शिरतंच. जाळीतून ते निघून तरी जातं. शेवाळलेल्या जांभ्यावर मात्र कुठलाच तळवा भरवशाचा नाही, तिथे हात धरा. घरी आल्यावर बुटांत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात गोंद सुटतो.

रंग तिलाच निवडू द्या.